ब्रॉयलर पक्ष्यांच्या आतड्यांचे आरोग्य आणि प्रोबायोटिक पूरके

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडील आष्टी, आर्वी व कारंजा या तालुक्यांत कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्रा ही प्रमुख पिके. यांना जोडधंदा म्हणून पाचशे-हजार ब्रॉयलर पक्ष्यांची शेड उभारणारे शेतकरी या भागात आहेत. या धंद्यात एकूण खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खाद्यावर जातो. साहजिकच, खाल्लेल्या दाण्याचे मांस किती होते यावर नफा-तोटा ठरतो, आणि हे काम होते पक्ष्याच्या आतड्यात. अलीकडे ‘आतड्यांचे आरोग्य’ हा शब्द खाद्य विक्रेत्यांच्या तोंडी फार येतो व त्याच्या मागोमाग प्रोबायोटिकची पुडी समोर ठेवली जाते. ही पुडी घ्यावी की नाही, घेतली तर केव्हा व कशी वापरावी, आणि तिचे पैसे वसूल झाले हे कसे ओळखावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

प्रोबायोटिक हे औषध नव्हे. पुरेशा संख्येने दिल्यास पक्ष्याच्या प्रकृतीला उपयोगी पडणारे जिवंत सूक्ष्मजीव, एवढाच त्याचा अर्थ. जनावरांच्या खाद्यपूरकांसाठी हा शब्द पार्कर यांनी १९७४ मध्ये वापरला व फुलर यांनी १९८९ मध्ये त्याची नेमकी व्याख्या केली. या व्याख्येतील ‘जिवंत’ हा शब्द शेतकऱ्याने गाठीशी बांधून ठेवावा. पुडीतील जिवाणू मेलेले असतील तर आपण महागडी पांढरी भुकटी खाऊ घालत आहोत, असे समजावे.

पिल्लाचे आतडे रिकामे का असते?

गावरान कोंबडी अंडी उबवते तेव्हा पिल्लू कवचातून बाहेर पडताच आईच्या पंखाखाली जाते, तिच्या मागे उकिरडा उकरते, तिच्या विष्ठेतही चोच घालते. आपल्याला हे घाण वाटते, पण याच वाटेने मोठ्या कोंबडीच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू पिल्लाच्या पोटात वस्तीला येतात. ब्रॉयलरच्या पिल्लाला आई दिसतच नाही. ते उबवणी यंत्रातून निघते, खोक्यात बसते आणि शेडमध्ये उतरते. त्याचे आतडे जवळजवळ कोरे असते. नांगरून ठेवलेल्या रानात पहिल्या पावसाबरोबर जे बी पडेल तेच उगवते, तसेच या आतड्यात जो जिवाणू आधी पोहोचेल तो जागा धरतो. तो उपयुक्त असेल तर ठीक, ई. कोलाय किंवा साल्मोनेला असेल तर पुढे सारा हंगाम निंदण करावे लागते.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या लक्षात आली ती फिनलंड देशात. १९७१ मध्ये तेथील ब्रॉयलर पक्ष्यांत साल्मोनेला इन्फँटिस या जिवाणूचा मोठा प्रादुर्भाव झाला. नुर्मी व रांताला या दोन संशोधकांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजला आणि नंतर त्यांना साल्मोनेला दिला. बहुतेक पिल्लांच्या आतड्यात साल्मोनेलाला पाय रोवता आला नाही. हा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. आज बाजारात मिळणाऱ्या कोंबड्यांच्या प्रोबायोटिकमागील मुख्य विचार तोच आहे: जागा आधी भरून टाकायची.

लहान आतड्यातील जिवाणूंची वस्ती साधारण पहिल्या दोन आठवड्यांत स्थिर होते, तर आतड्याच्या शेवटाकडे असलेल्या दोन बंद टोकांच्या पिशव्यांतील वस्तीला त्याहून अधिक काळ लागतो. आपला पक्षी पाच-सहा आठवड्यांत बाजारात जातो हे लक्षात घेतले, तर पहिल्या आठवड्याचे मोल कळते. पाचव्या आठवड्यात वजन कमी दिसले म्हणून धावत जाऊन आणलेली पुडी फारसे काही करू शकत नाही.

उपयुक्त जिवाणू काय करतात?

आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखी बारीक लव असते. पचलेले अन्न या लवेतून रक्तात शोषले जाते. लव जितकी उंच व दाट, तितके शोषण अधिक. रोगकारक जिवाणू व त्यांची विषे या लवेची झीज करतात. झिजलेली लव पुन्हा उगवण्यासाठी पक्षी खाल्लेल्या अन्नातीलच प्रथिने व ऊर्जा वापरतो, म्हणजे छातीवर चढायचे मांस आतड्याच्या डागडुजीत जाते. पक्षी आजारी दिसत नाही, मरतही नाही, फक्त खातो आणि वाढत नाही. मरतुकीपेक्षा हा तोटा मोठा असतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे आतड्यातील आम्लता वाढते व ई. कोलायसारख्या जिवाणूंना ती मानवत नाही. काही जिवाणू शत्रूला मारणारी प्रथिने सोडतात, काही पाचक रसांना मदत करतात, तर काही लवेवरील जागा अडवून धरतात. पक्ष्याच्या रोगप्रतिकारशक्तीचा मोठा भाग आतड्याच्या भिंतीतच असल्याने तिलाही यातून चालना मिळते.

आपल्या भागाशी संबंधित एक मुद्दा येथेच सांगणे आवश्यक आहे. घरचे सोयाबीन आहे म्हणून ते कच्चे भरडून कोंबड्यांना घालण्याचा मोह अनेकांना होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो. तो योग्य उष्णता दिल्यानेच निकामी होतो. न पचलेली प्रथिने आतड्याच्या खालच्या भागात पोहोचली की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूला मेजवानीच मिळते. त्यातून आतड्याला सूज येते, आतील अस्तर कुजते, आतडे वायूने फुगते व पक्षी पटापट मरतात. रक्ती हगवणीने आतडे आधीच जखमी असेल तर हा आजार हमखास गाठतो. अशा वेळी कच्चे सोयाबीन चालू ठेवून वर प्रोबायोटिक देणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडणे आहे. नीट प्रक्रिया केलेली सोयाबीन ढेपच वापरावी.

पुडीत काय आहे ते वाचा

बाजारातील प्रोबायोटिकचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम, एंटेरोकॉकस अशा जिवाणूंचा. हे मूळचेच आतड्यातील रहिवासी, पण नाजूक. उष्णता व ओलावा त्यांना सोसत नाही. दुसरा बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, बॅसिलस कोॲग्युलन्स यांचा. हे जिवाणू प्रतिकूल काळात बीजाणू करतात. वाळलेले बी जसे मातीत टिकून राहते तसे हे बीजाणू गोळी खाद्य करताना यंत्रात मिळणारी वाफ, साठवणीतील उष्णता व पोटातील आम्ल या सर्वांतून पार पडतात व आतड्यात गेल्यावर जागे होतात. तिसरा प्रकार सॅकरोमायसिस या यीस्टचा.

आष्टीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि टिनाच्या छपराखालील दुकानाच्या फळीवर त्याहून अधिक. नवतपाच्या दिवसांत अशा फळीवर पडून राहिलेल्या लॅक्टोबॅसिलसच्या पुडीवर विश्वास ठेवता येत नाही, मग तिची मुदत संपलेली नसली तरी. म्हणून उन्हाळ्यात खाद्यातून द्यायचे असेल तर बीजाणू करणाऱ्या बॅसिलसचे उत्पादन घ्यावे. लॅक्टोबॅसिलस घ्यायचेच असेल तर ते थंड जागी ठेवणाऱ्या दुकानदाराकडूनच घ्यावे व घरीही फोडलेली पुडी घट्ट बंद करून थंड, कोरड्या जागी ठेवावी.

पुडीवर जिवाणूंचे पूर्ण नाव, दर ग्रॅममधील जिवंत संख्या, उत्पादन व मुदतीची तारीख आणि साठवणुकीचे तापमान या गोष्टी छापलेल्या असाव्यात. जिवंत संख्येचा हिशेब शेतकऱ्याने स्वतः करावा. समजा पुडीवर दर ग्रॅमला १०० कोटी अशी संख्या आहे व मात्रा टनाला ५०० ग्रॅम सांगितली आहे. एका टनात १० लाख ग्रॅम खाद्य असते. म्हणजे दर ग्रॅम खाद्यात ५ लाख जिवाणू पडतात. अनेक चाचण्यांत दर ग्रॅम खाद्यात काही लाख ते दहा लाख किंवा त्याहून अधिक संख्या वापरली जाते, तेव्हा हे प्रमाण मान्य करण्यासारखे आहे. दुसऱ्या पुडीवर दर ग्रॅमला १ कोटी असेल व मात्रा तीच असेल तर हिशेब ५ हजारांवर येतो. ही पुडी स्वस्त मिळाली तरी महागच. संख्या छापलेलीच नसेल तर पुढे बोलण्याचे कारण नाही.

दह्या-ताकाबद्दल शेतकरी नेहमी विचारतात. दह्यातील जिवाणू दुधात वाढण्यास पटाईत असले तरी कोंबडीच्या आतड्यात कायमची वस्ती करणारे नाहीत. ताकातील आम्लाचा थोडा उपयोग होतो हे खरे. पण दुधातील साखर कोंबडीला नीट पचत नाही, त्यामुळे जास्त ताकाने विष्ठा पातळ होते व लिटर ओले होते. शिवाय आपल्या उन्हात पाणभांड्यातील ताक काही तासांत नासते आणि माश्या येतात. परसातील दहा-वीस कोंबड्यांना कधीमधी थोडे ताक दिल्याने बिघडत नाही, हजार पक्ष्यांच्या शेडसाठी मात्र तो उपाय नव्हे.

देण्याची पद्धत

पिल्ले शेडमध्ये उतरताच पहिल्या पाण्यातून प्रोबायोटिक देण्यास सुरुवात करून ते पहिले पाच ते सात दिवस द्यावे. मात्रा पुडीवरील सूचनेप्रमाणे ठेवावी. येथे बहुतेकांची चूक होते ती पाण्यात. बोअरवेलच्या किंवा विहिरीच्या पाण्यात आपण ब्लिचिंग पावडर टाकतो, आणि ते टाकलेच पाहिजे. पण जो क्लोरीन ई. कोलायला मारतो तो पुडीतील जिवाणूलाही मारतो. लासोटाची लस पाजताना आपण क्लोरीन बंद ठेवतो व पाण्यात स्किम मिल्क पावडर घालतो. अगदी तीच शिस्त येथे पाळावी. प्रोबायोटिकसाठी क्लोरीन न टाकलेले, पण उकळून गार केलेले किंवा खात्रीचे स्वच्छ पाणी वापरावे. दोन-तीन तासांत संपेल एवढेच द्रावण करावे, सकाळी गारव्यात द्यावे आणि ते संपल्यावर पुन्हा नेहमीचे पाणी ठेवावे.

खाद्यातून देताना पाचशे ग्रॅम पावडर एक टन खाद्यावर वरून भुरभुरवू नये. प्रथम ती पाच किलो मका भरड्यात मिसळावी, ते मिश्रण पन्नास किलोत व मग सर्व खाद्यात मिसळावे. असे न केल्यास काही पक्ष्यांना भरपूर व काहींना काहीच मिळत नाही. स्टार्टर खाद्य बदलून फिनिशर सुरू करताना, लसीकरणानंतर, कडक उन्हाच्या लाटेत आणि प्रतिजैविकाचा कोर्स संपल्यावर प्रोबायोटिकचा उपयोग अधिक दिसतो, कारण या वेळी आतड्यातील वस्ती विस्कटलेली असते. उष्णतेच्या ताणाखाली तर आतड्याचे अस्तरच ढिले पडते. मात्र तेथेही आधी छपरावर ओले तरट, गार पाणी, दुपारी खाद्य बंद व पहाटे खाद्य ही कामे. पुडीचा क्रम नंतरचा.

हिवाळ्यात उलट अडचण असते. डिसेंबरच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, वीज जाते, पिल्ले एका कोपऱ्यात गोळा होतात व पाण्यापर्यंत जातच नाहीत. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३३ ते ३५ अंश तापमान नसेल तर पाण्यात काहीही घातले तरी ते पिल्लाच्या पोटात जाणार कसे?

प्रतिजैविकांचा प्रश्न

खाद्यात थोड्या मात्रेत प्रतिजैविक मिसळले की पक्षी लवकर वाढतो, हे १९४० च्या दशकाअखेर लक्षात आले व जगभर ती पद्धत पडली. पण थोड्या मात्रेत सतत दिलेल्या औषधाला जिवाणू सरावतात व तेच जिवाणू पुढे माणसांपर्यंत पोहोचतात. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास बंदी घातली, तर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. आपल्या देशात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत कोंबडीच्या मांसाच्या ७० नमुन्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळले. २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी कोलिस्टिन या औषधाला दाद न देणारा, एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारा जनुक शोधून काढला. माणसावरील इतर औषधे थकल्यावर कोलिस्टिन हे दवाखान्यातील शेवटच्या उपायांपैकी एक असते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत, कुक्कुटपालनात व पशुखाद्य पूरकांत कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यावर बंदी घातली. शेडच्या कपाटात जुनी पुडी उरली असेल तर ती पक्ष्यांना घालू नये.

हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही. शेडमध्ये झाडलोट करणारे, पिल्लांना हात लावणारे, घरी तीच कोंबडी शिजवून खाणारे आपणच असतो. आपल्या घरातील लहान मुलाला किंवा बाळंतिणीला उद्या जंतुसंसर्ग झाला आणि औषध लागू पडले नाही, तर त्याची सुरुवात आपल्या खाद्याच्या पोत्यात झालेली असू शकते.

प्रतिजैविक काढून टाकले व जागी प्रोबायोटिक घातले की झाले, असे मात्र समजू नये. युरोपात बंदीनंतर काही देशांत क्लॉस्ट्रिडियमचा त्रास वाढला होता. तो आटोक्यात आला तो लिटर, वायुवीजन, खाद्याची प्रत, पक्ष्यांची दाटी व रक्ती हगवणीचे नियंत्रण या सर्वांत सुधारणा केल्यावर. प्रोबायोटिक हा त्यातील एक भाग आहे. पक्षी खरोखर आजारी पडले तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रतिजैविकाचा पूर्ण कोर्स द्यावा, विक्रीपूर्वी सांगितलेले दिवस औषध बंद ठेवावे, आणि कोर्स चालू असताना लॅक्टोबॅसिलसवर पैसे घालवू नयेत. ते औषध त्यालाही मारेल. खाद्यात रक्ती हगवण रोखणारे औषध असेल तर त्याच्याबरोबर हे प्रोबायोटिक चालते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

बुरशी लागलेल्या मक्यातील विष, मानमोडी, गंबोरो यांवरही प्रोबायोटिक हा उपाय नाही. लिटर मुठीत दाबल्यावर गोळा होत असेल तर आधी पाणभांड्यांची गळती पाहावी. विष्ठेत न पचलेले दाणे, नारिंगी चिकट शेंबूड किंवा पिल्लांच्या शेपटीखाली चिकटलेली घाण दिसल्यास तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. मेलेल्या पक्ष्याचे आतडे आपल्या उन्हात फार लवकर कुजते व मग निदान होत नाही. म्हणून नुकताच मेलेला पक्षी बर्फात ठेवून काही तासांत शवविच्छेदनासाठी न्यावा.

पैसे वसूल झाले का?

प्रोबायोटिकच्या चाचण्यांचे निष्कर्ष सगळीकडे सारखे येत नाहीत. जेथे शेड जुनी, दाटी जास्त व ताण अधिक तेथे फरक दिसतो. जेथे व्यवस्था आधीच उत्तम तेथे तो नगण्य असतो. त्यामुळे दुसऱ्याच्या शेडमधील आकड्यापेक्षा आपल्या शेडमधील आकडा घ्यावा.

एका हजार पक्ष्यांचा नमुन्यादाखल हिशेब करू. पक्ष्याचे सरासरी वजन २.२ किलो व एक किलो वजनास १.६५ किलो खाद्य लागते असे समजू. एकूण खाद्य ३,६३० किलो लागेल. प्रोबायोटिकने हे प्रमाण १.६० झाले तर ३,५२० किलो पुरेल, म्हणजे ११० किलो वाचेल. खाद्य ४० रुपये किलो धरल्यास ४,४०० रुपये. टनाला ५०० ग्रॅम या दराने सुमारे १.८ किलो प्रोबायोटिक लागेल. ६०० रुपये किलो धरल्यास खर्च १,०८० रुपये. हातात ३,३२० रुपये उरतात. प्रमाण १.६५ वरून १.६३ वरच आले तर वाचलेले खाद्य ४४ किलो, किंमत १,७६० रुपये व उरले ६८० रुपये. फरकच पडला नाही तर १,०८० रुपये गेले. आपल्या गावचे चालू भाव घालून हा हिशेब पुन्हा मांडावा.

अडचण अशी की ०.०५ इतका फरक शेडच्या उन्हाकडच्या व सावलीच्या बाजूतही पडू शकतो. म्हणून एका बाजूला पूरक व दुसऱ्या बाजूला साधे खाद्य, असे करून फसू नये. जाळी लावून शेडचे चार सारखे कप्पे करावेत. पहिल्या व तिसऱ्या कप्प्यात पूरक द्यावे, दुसऱ्या व चौथ्यात देऊ नये. पिल्ले एकाच खेपेची, मोजून सारखी. खाद्य, लसी व पाणी देण्याच्या वेळा सारख्या. पाणभांडी मात्र वेगळी. प्रत्येक कप्प्यात गेलेले खाद्य तोलून वहीत लिहावे, मेलेले पक्षी तारखेसह लिहावेत व दर आठवड्याला प्रत्येक कप्प्यातील पन्नास पक्षी तोलावेत. पक्षी निवडून घेऊ नयेत; कोपऱ्यात जाळीने अडवून जेवढे सापडतील तेवढे सगळे तोलावेत, नाही तर हात आपोआप मोठ्या पक्ष्याकडे जातो. पूरक दिलेले दोन्ही कप्पे न दिलेल्या दोन्ही कप्प्यांपेक्षा सरस ठरले तरच तो फरक पूरकाचा मानावा. एक खेप उन्हाळ्यात, एक पावसाळ्यात व एक हिवाळ्यात घ्यावी. पूरक फक्त उन्हाळ्यातच परवडते असे दिसले तर ते फक्त उन्हाळ्यात वापरावे.

करार पद्धतीने पक्षी वाढवणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची असतात, तेव्हा त्यांनी कंपनीच्या पर्यवेक्षकाला न विचारता खाद्यात किंवा पाण्यात काही घालू नये. पण खाद्यात आधीपासून कोणते प्रोबायोटिक व कोणते प्रतिजैविक आहे, हे विचारण्यास काहीच हरकत नाही. पोत्यावरील चिठ्ठी फाडून वहीत चिकटवून ठेवावी. एखाद्या खेपेला वजन कमी भरले व वाढीच्या दरातून पैसे कापले गेले, तर बोलताना ती चिठ्ठी व दर आठवड्याची वजने हाताशी असावीत.